हौदातल्या लव्हाळ्याविषयी

१२ नोव्हेंबर

सूनबाई,

ही हाक अजून चालते की नाही, या विचारात दोन दिवस कागद कोराच राहिला. कागदोपत्री तू अजून सूनच आहेस, म्हणून तूर्त तीच चालवतो. नको असेल तर कळव, दुसरं काहीतरी शोधू.

पत्र पाहून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. तुझा नवरा ठीक आहे. मीही ठीक आहे, म्हणजे गुडघे, पाठ आणि उजव्या हाताची दोन बोटं सोडली तर ठीक. काम लव्हाळ्याचं आहे.

मागच्या अंगणातल्या हौदात तू लावलेला लव्हाळा आहे ना, त्याची लक्षणं मला बरी दिसत नाहीत. रंग निळसर पडलाय. काड्या ताठ उभ्या आहेत, पण भिजवून पीळ द्यायला घेतल्या की कडाकडा मोडतात. मी चाळीस वर्षं खुर्च्यांच्या बैठका विणल्या, पण लव्हाळा वाढवायच्या भानगडीत कधी पडलो नाही. आधी तो विकत यायचा. मग तू या घरात आलीस, चार हौद बांधून घेतलेस आणि विकतचा माल बंद झाला. तू पाण्यात, मी खुर्चीपाशी, अशी आपली वाटणी होती. त्यामुळे आता मला विचारायला दुसरं कोणी नाही.

विकतचा माल पुन्हा आणून पाहिला. हाताला कापतो. पूर्वी डोळ्यांनी बघून पीळ सारखा करता यायचा, आता डोळे दगा देतात आणि सगळी भिस्त बोटांवर आहे. आपला मऊ लव्हाळा बोटांना कळतो. म्हटलं, दोनचार खुर्च्यांपुरता तरी घरचा असावा.

एक काडी पाकिटात घालतोय. बघून सांग काय रोग आहे ते.

पत्ता टेम्पोवाल्याने दिला. आपल्याकडून खुर्च्या नेतो तोच, बडबड्या. तुझ्या गावाकडच्या रस्त्याने जाताना त्याला तू गुडघाभर पाण्यात उभी दिसलीस म्हणे. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. खरं म्हणजे, मी विचारलं होतं.

तुझा
मामंजी


३ डिसेंबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाची चिठ्ठी. मायना नाही, सही नाही. पण हाकेबद्दल काही लिहिलं नाहीस, तेव्हा ती चालवतो.

तू लिहिलंस, ‘हा आपला नाही. साल सोलून आतलं भेंड बघा. आपल्याचं भेंड दोऱ्यासारखं सलग निघतं. याचं तुटक निघेल, मध्ये पोकळ. हा खड्ड्याकाठचा कडक लव्हाळा. कितीही भिजवला तरी मोडणार. आपला कुठे गेला?’

सोललं. तुकड्यातुकड्यांनीच निघालं. चाळीस वर्षं ज्याला हात लावला तो मला ओळखू आला नाही, हे त्या टेम्पोवाल्याला सांगू नकोस, तो गावभर करेल.

आता आपला कुठे गेला, ते. सूनबाई, तो मेला. पहिल्या पत्रात मी तो जिवंत असल्यासारखं लिहिलं, ते खोटं होतं. तू गेल्यावर वर्षभर मी मागचं दारच उघडलं नाही. कडीला गंज चढला. तुझा नवराही तिकडे फिरकला नाही. उन्हाळ्यात चारही हौद कोरडे पडले, मातीला भेगा गेल्या, आणि मी दार उघडलं तेव्हा सगळा लव्हाळा झाडूसारखा उभा होता. पाणी ओतून पाहिलं. महिनाभर ओतत होतो. मेलेल्याला पाणी पाजल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा थांबलो.

मग कालव्याकाठी गेलो आणि दिसायला तसाच दिसणारा एक गड्डा उपटून आणला. हौदात काहीतरी हिरवं हवं होतं मला. दोन वर्षं मी त्या परक्या झाडाची सेवा केली. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं की हा तुझाच आहे, जरा रागावलाय एवढंच.

तू ‘आपला’ असं लिहिलंस. सवयीने लिहिलं असशील. मी ते दोनदा वाचलं.

तुझ्याकडे मूळ गड्डा असेल, तर त्यातला तुकडा मिळेल का? नाही म्हणालीस तरी चालेल. नाही म्हणण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, हे मला कळतं.

मामंजी


९ जानेवारी

सूनबाई,

गड्डा पोचला. ओल्या गोणपाटात, त्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा गोणपाट. टेम्पोवाला म्हणाला, ‘आजोबा, यात काय मूल आहे का? वळणावर सावकाश घ्या म्हणून तीनदा बजावलं बाईंनी.’ मी म्हटलं, तू तुझा टेम्पो बघ.

चिठ्ठीत लिहिलंस तसं सगळं केलं. कडक लव्हाळा मुळासकट काढला, हौद खरवडला, खत न घालता कालव्याचा गाळ भरला. मग गड्डा फोडायची वेळ आली आणि माझे हात थांबले. एवढा भरलेला, जिवंत गड्डा, आणि त्याचे हातांनी लचके काढायचे! पण तू लिहिलं होतंस की फोडला नाही तर मधून कुजतो, म्हणून फोडला. एकेका फुटव्याला पाचसहा कोंब, दोन फुटव्यांत मुठीएवढं अंतर, वर दोन बोटं पाणी. बावीस फुटवे झाले. वाकून वाकून कंबर अशी धरली की उठताना हौदाच्या काठालाच मिठी मारावी लागली.

तुझा नवरा दारात येऊन उभा राहिला. ‘कुठून आणला?’ म्हणाला. मी म्हटलं, मिळाला. गोणपाट उचलून त्याने नाकाशी नेलं आणि मग नीट घडी घालून कोनाड्यात ठेवलं. त्यानंतर नळापासून आठ बादल्या पाणी आणलं, मी न सांगता. पूर्वी कसा सदान्‌कदा बोलायचा तुला आठवत असेल. हल्ली दिवसभरात आमच्यात दहाबारा वाक्यं होतात, त्यातली निम्मी खुर्चीच्या मापांची.

तुझ्याकडे आता अकरा वाफे आहेत म्हणे. अकरा! आणि एकटीने! टेम्पोवाल्याने आणखीही काही सांगितलं, पण ते आत्ता लिहीत नाही. पाठ दुखते आहे.

चिठ्ठीच्या शेवटी ‘परतफेड नको’ असं लिहिलंस. बरं.

मामंजी


२८ मार्च

सूनबाई,

बावीसपैकी एकोणीस जगले. जे गेले ते कडेचे, तिथे उन्हाने पाणी तापतं. तू लिहिल्याप्रमाणे आता त्या बाजूला फळी आडवी लावली आहे.

शेंडे छाटले. तुझं पत्र वाचून आधी मी हसलो. ‘जुन्या काड्या फार उंच झाल्या की खालच्या कोंबांना ऊन मिळत नाही. त्यांचे शेंडे निर्दयपणे छाटा.’ सूनबाई, हे लव्हाळ्याबद्दलच लिहिलंस ना? मग कात्री घेऊन बसलो आणि छाटता छाटता हसू गेलं. टेम्पोवाला काय म्हणाला ते तुला सांगायचं राहिलंय, आणि गड्डा मागून घेतल्यावर न सांगणं हे फारच झालं.

तो म्हणाला, तुझा माल वखारीतून न उघडता परत येतो. ओळीने तीन हंगाम. मापाडी गठ्ठ्याला हात लावत नाही, ‘काळ्या मालवाली’ म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. आसपासचे सगळे खुर्चीवाले आणि चटईवाले त्या वखारीतूनच माल उचलतात, तेव्हा तिथे नाही म्हणजे कुठेच नाही. तू वाफ्यांतला लव्हाळा कापतेस, वाळवतेस आणि शेजाऱ्यांना छपरावर घालायला देऊन टाकतेस. हे मला ऑक्टोबरातच कळलं होतं. पहिलं पत्र लिहिण्याच्या आधी. म्हणजे तुझ्या मालाला कोणी हात लावत नाही हे ठाऊक असताना मी तुला माझ्या हौदाचा रोग विचारत होतो. ती काडी पाकिटात घालताना मला लाज वाटली होती, हे खरं आहे. पण घातली, हेही खरं आहे.

आपल्यात एक गोष्ट आहे जी तू पाच महिन्यांत एका चिठ्ठीत लिहिली नाहीस. आज मी लिहितो.

तीन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या साठ खुर्च्या आपण विणून दिल्या. महिन्याभरात बैठकांवर काळे डाग आले, कुबट वास सुटला, लोक उठून जायला लागले. उरलेले गठ्ठे वखारीच्या आवारात आणून मापाड्याने सगळ्यांसमोर सोडले. आत बुरशी. त्याने विचारलं, ‘वाळवण कोणाचं?’ तुझा नवरा म्हणाला, ‘हिचं.’ तू माझ्याकडे पाहिलंस. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसलो. स्वच्छच होता चष्मा. तू मान खाली घातलीस आणि आठ दिवसांनी गेलीस.

ते गठ्ठे तू बांधले नव्हतेस. तू तेव्हा इथे नव्हतीसच. वडील आजारी म्हणून चार दिवस माहेरी गेली होतीस, आणि जाताना मला म्हणाली होतीस, ‘मामंजी, मी येईपर्यंत लव्हाळ्याला हात लावू नका. वरून वाळल्यासारखा दिसेल, पण आत ओल आहे.’

मी हात लावला. का, ते तुला सांगायला नको, पण लिहितो. मला राग आला होता. चाळीस वर्षं या धंद्यात, आणि काल आलेली पोर मला सांगणार हात लावू नका? तुझा नवरा खुर्च्या पोचवायला परगावी गेला होता, घरात मी एकटा. म्हटलं, ती येईपर्यंत सगळं बांधून माळ्यावर चढवून दाखवतो. दोन दिवसांत बहात्तर गठ्ठे बांधले. तू आलीस, वर पाहिलंस, म्हणालीस, ‘सगळं झालं पण?’ मी म्हटलं, ‘मग!’ आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एकही गठ्ठा सोडून पाहिला नाहीस. तुझी चूक एवढीच.

हे तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. तरी लिहून काढलं. आता हात दुखतोय.

मामंजी


२ जुलै

सूनबाई,

मार्चच्या पत्रावर तू काय लिहितेस म्हणून धास्ती घेऊन बसलो होतो. तू लिहिलंस, ‘पाणी रोज बदलू नका, आठवड्यातून एकदा पुरे. कापणी जूनअखेर, पहाटेचं दव गेलं की, ऊन चढण्याआधी.’ बस्स. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आणखी एखादा कागद अडकला असेल म्हणून. मनुष्याने एवढंही कोरडं असू नये गं. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

परवा कापला. बुडाशी, पाण्याच्या जरा वर, एकेक मूठ धरून विळ्याने. भेंड पाहण्यासाठी एक काडी सोलली. दीड हात लांब पांढरा दोरा सलग निघाला, एकदाही तुटला नाही. तो टेबलावर ठेवून मी बराच वेळ बघत होतो. सगळा मिळून माल दोन मुठींत मावेल एवढा, एका खुर्चीलाही पुरणार नाही. तरी सतरंजीवर विरळ पसरून ठेवलाय, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उलटतो.

आज सकाळी वाळला का ते पाहायला बसलो, आणि आधी तुझी त्यानंतर आलेली, वाळवणाची चिठ्ठी काढली. त्यात तू लिहिलंयस, ‘वाळला का ते शेंड्याशी बघू नका. शेंडा पहिल्या दिवशीच वाळतो. बुडाशी दोन बोटांत दाबून बघा. दबला तर आत ओल आहे.’

मी शेंडेच पाहिले होते. बहात्तर गठ्ठ्यांचे नुसते शेंडे. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि तू नेमकं तेच लिहिलंस. कदाचित तू कोणालाही हेच लिहिलं असतंस. पण माझ्या हातातली काडी खाली पडली.

सूनबाई, मार्चमध्ये सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. सगळं नव्हतं लिहिलं. एक गोष्ट आहे जी तुलाही ठाऊक नाही. ती लिहिल्याशिवाय मला तुझा लव्हाळा बांधवत नाही.

वखारीतून घरी आलो त्या संध्याकाळी तू तुझ्या नवऱ्याला म्हणालीस की गठ्ठे मी बांधले नाहीत, मी इथे नव्हतेच. तू माझं नाव घेतलं नाहीस. ते तू माझ्यावर सोडलंस, हे मला तेव्हाही कळलं होतं. तू आत गेलीस. तो माझ्याकडे आला. कामाच्या खोलीत, मी बैठकीचा कोपरा वळवत होतो. त्याने विचारलं, ‘बाबा, तुम्ही बांधले का?’

मी म्हटलं, ‘मी कशाला हात लावू? तिनेच मला बजावलं होतं, हात लावू नका म्हणून.’

वाक्यातला शब्द न् शब्द खरा. तू बजावलंच होतंस. तुझेच शब्द उचलले आणि त्यांनीच तुला खोटं पाडलं. त्याने मान डोलावली, वळला आणि आत गेला. मग आतून त्याचा आवाज आला. तो तुला काय म्हणाला ते मी ऐकलं. ऐकत ऐकत कोपरा पुरा केला. चांगला बसला होता तो कोपरा.

तीन वर्षं तुला वाटत असेल की नवऱ्याने बायकोवर विश्वास ठेवला नाही. त्याने बापावर ठेवला, एवढंच. तो तुझ्याशी वाईट वागला, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्याच्या हातात खोटं मी दिलं.

माफी मागत नाही. ती मागायची तर तोंडावर मागावी, आणि तुझ्या दारात उभं राहायची माझी छाती नाही.

मामंजी


१९ जुलै

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. ‘हे मला माहीत नव्हतं.’ चारच शब्द. लव्हाळ्याबद्दल काही नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तू लव्हाळ्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

कार्ड खिशात घालून तसाच कामाच्या खोलीत गेलो, कारण तासभर थांबलो असतो तर पुढची तीन वर्षं थांबलो असतो. मी स्वतःला ओळखतो. तुझा नवरा एका खुर्चीचा सांगाडा घासत होता. मी म्हटलं, ते बाजूला ठेव. तो म्हणाला, ‘बोला की, हात चालू दे.’ मग त्याचा हात चालू असतानाच सांगितलं. गठ्ठे मी बांधले. शेंडे बघून बांधले. त्याने विचारलं होतं तेव्हा खोटं बोललो.

घासण्याचा आवाज थांबला. त्याने सांगाडा बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘मी तिला खोटारडी म्हणालो होतो, बाबा.’

मी म्हटलं, मला माहीत आहे. मी ऐकलं होतं.

‘ऐकलं होतं?’ तो म्हणाला. ‘ऐकलंत, आणि नंतर माझ्यासमोर बसून जेवलात?’

जेवलो होतो. खोटं कशाला सांगू.

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी म्हातारपण पुढे केलं असतं, ते मला चांगलं जमतं. त्याने अंगावरचा भुसा झटकला, हात धुतले आणि निघून गेला. हल्ली वरच्या खोलीत राहतो, जेवण बाहेर करतो, कामाला वेळेवर येतो आणि मापं कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवतो. दहाबारा वाक्यं होती, तीही गेली. तक्रार नाही करत, तुला कळावं म्हणून लिहितो. तू माझी कीव करू नयेस, असंही वाटतं. आणि थोडी करावीस, असंही.

दोन मुठी लव्हाळा वाळला आहे. बुडाशी दाबून पाहिला, सगळीकडून पाहिला. बांधला आहे. हंगामाची वखार सहा ऑगस्टला उघडते.

मामंजी


६ ऑगस्ट

सूनबाई,

आधी तुझ्या नवऱ्याचं सांगतो. काल तो खाली आला आणि त्याने तुझा पत्ता मागितला. एकोणीस दिवसांत त्याने तोंडाने बोललेलं पहिलं वाक्य. हातात बंद पाकीट होतं. मी दिला नाही. म्हटलं, पत्ता तिचा आहे, तिला विचारून देईन. चिडला. चिडू दे. तुझ्या वतीने मी नको ते बोललोय, गप्पही बसलोय, आता तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही. ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ एवढंच लिही. देऊ नका लिहिलंस तर मी त्याला तसं सांगेन आणि एका शब्दाने तुझं मन वळवायला बघणार नाही. पाकिटात काय आहे ते मी विचारलं नाही.

आज वखारीत जाऊन आलो. बसने गेलो. दोन मुठींची ती पेंढी मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, हे कसलं गवत? मी म्हटलं, माझ्या सुनेचं आहे. पुढे काही बोलावं लागू नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो.

आवार भरलेलं होतं. ओळीने गठ्ठे, मागे माल आणणारे, भिंतीशी खुर्चीवाले आणि चटईवाले. सगळे ओळखीचे, बरेचसे म्हातारे झालेले. मापाडी तोच, कानावर पेन्सिल. माझा नंबर आला. पेंढी बघून तो हसला. ‘आजोबा, हे काय, दात कोरायला आणलंत?’ लोक हसले. घड्याळाकडे बघायची मला सवय आहे, तुला माहीत आहे. समोरच्या भिंतीवर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, ‘माल विकायला आलो नाही. वाचनालयाच्या खुर्च्यांचा जो काळा माल तुम्ही इथे सोडला होता, तो माझ्या सुनेने बांधला नव्हता. ती गावातही नव्हती. तिने हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, तरी मी ओला बांधला. त्या दिवशी मी इथेच उभा होतो आणि गप्प बसलो. काळा माल माझा. आणि हा बघा, हा तिने दिलेल्या गड्ड्याचा, तिच्या सांगण्यावरून वाळवलेला.’

मापाड्याने पेंढी सोडली. बुडाशी दाबली, एक काडी मोडून वास घेतला. एक सोलली. भेंड सलग निघालं. तो म्हणाला, ‘माल चोख आहे.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘एवढंच ना आजोबा? मग तिला म्हणावं, माल पाठवा. मी स्वतः उघडतो.’ आणि मान वळवून ओरडला, ‘पुढचा!’

मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याने उगाच खोळंबा केला. एक चटईवाला मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, मला आठवतही नव्हतं हो, फक्त तिचा माल घ्यायचा नाही एवढं लक्षात होतं. एवढ्यावर तुझा माल तीन वर्षं परत गेला, सूनबाई. लोकांना कारणही आठवत नव्हतं.

मी फाटकापाशी आलो तेव्हा घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मला वाटलं होतं, हे बोललो तर माझं काही उरणार नाही. लोक तोंडावर थुंकतील, माझ्या हातची खुर्ची पुन्हा कोणी घेणार नाही, निदान छातीत तरी दुखेल. काही झालं नाही. मी स्टॉपवर गेलो आणि परतीच्या बसची वाट बघत उभा राहिलो. गुडघे दुखत होते, तेही रोजच्याएवढेच.

दोन मिनिटं लागली गं. तुझं घर गेलं, नाव गेलं, तीन हंगाम लोकांच्या छपरावर गेले. माझ्याकडून तुला तेव्हा फक्त दोन मिनिटं हवी होती, आणि मी चष्मा पुसत बसलो.

माल पाठव.

मामंजी